शकुंतलाकाकूंची कडू संत्री

पांढुर्णा स्टेशनच्या पुलावर रोज सकाळी एक म्हातारी बाई खांद्याला पिशवी अडकवून चढायची, पलीकडे उतरायची आणि लगेच वळून पुन्हा चढायची. गाड्या येत, जात; ती एकाही गाडीत बसत नसे. मी तेव्हा पोस्टातून नुकतीच निवृत्त झाले होते आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून, कुरकुरत का होईना, स्टेशनपर्यंत जात होते. चार दिवस नुसतं पाहिलं. पाचव्या दिवशी राहवेना.

"काकू, कोणाला घ्यायला आलात?"

"कोणाले नाही वो. पूल चढून राहिली."

"आणि पिशवीत काय?"

"सात किलो कणीक. इमानात सोबत तेवढंच नेऊ देते म्हणते."

कुठे निघालात, असं विचारलं तर म्हणाल्या, "स्पेनले." एखादीने शेजारच्या सौसरला म्हणावं, त्याच आवाजात. वय एकाहत्तर. डावा गुडघा असा की उतरताना कठडा धरून, अंग आडवं वळवून एकेक पाय टाकायच्या. म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं ठरवून मी घरी आले. दुसऱ्या दिवशी मात्र चालायला अर्धा तास लवकर निघाले.

शकुंतलाकाकूंचं सासर लोधीखेड्याजवळचं, संत्र्याच्या रोपवाटिकेचं. आमच्या भागात संत्र्याचं झाड म्हणजे मुळात दोन झाडं. खाली जंबेरीचा खुंट, आंबट आणि काटेरी. त्याच्या सालीत गोड संत्र्याचा डोळा, म्हणजे काडीवरचा कोंब, भरायचा. डोळ्याने जीव धरला तर संत्रा. नाही धरला तर खुंटच वाढतो, त्याला आंबट फळं येतात आणि मालक ते झाड उपटून फेकतो. काकूंनी भरलेला डोळा सहसा वाया जात नसे. चाळीस वर्षं त्या चाकू घेऊन रोपांच्या ओळींत उकिडव्या बसल्या, गुडघा त्यातच गेला.

काकूंना मूल झालं नाही. सासू त्यावरून एकदाच बोलली, पण नर्सरीत, बायामाणसांसमोर बोलली: "या झाडानं काही डोळा धरला नाही." त्यानंतर कोणाकडे डोहाळजेवण असलं की काकू टोपलीभर संत्री पाठवत, स्वतः जात नसत. हे मला सांगताना त्या कणीक मळत होत्या आणि त्यांचे हात थांबले नाहीत.

स्पेनचं खूळ त्यांच्या यजमानांचं, अण्णांचं. नर्सरीच्या खोलीत खताच्या कंपनीचं एक जुनं कॅलेंडर होतं. त्यातल्या एका पानावर सेव्हिल नावाच्या शहरातला रस्ता होता: दोन्ही बाजूंना संत्र्याची झाडं, फळांनी लगडलेली, आणि मागे एक उंच मनोरा. वर्ष संपलं तरी अण्णांनी ते पान काढलं नाही. जेवताना त्याच्याकडे पाहून म्हणायचे, "भररस्त्यात फळं पिकून राहिली अन् कोणी हात लावून नाही राहिलं. असं गाव असते का?" जाऊन पाहू, जाऊन पाहू म्हणता म्हणता अण्णा गेले. काकूंनी रोपवाटिका पुतण्याच्या, मनोजच्या हवाली केली, पांढुर्ण्यात दोन खोल्या घेतल्या आणि पासपोर्टचा अर्ज भरला.

मनोज भला माणूस. तो समजावायला आला. "काकू, तुमचा गुडघा पाहा अन् स्पेन पाहा!"

"दोन्ही सोबतच पाहीन," काकू म्हणाल्या. "त्या मनोऱ्यावर जाईन अन् वरून पाहीन, काऊन तोडत नाहीत ते. तुह्या काकाले उत्तर द्यायचं आहे."

मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुले इंग्रजी येते ना?"

"पोस्टापुरती."

"पुरे."

अशी मी त्यात ओढली गेले. मी भित्री बाई. नागपूरला जायचं तरी आदल्या दिवशी तिकीट चारदा तपासते. पण काकूंना नाही म्हणायची सोय नव्हती, त्या नकार ऐकूनच घेत नसत.

व्हिसाच्या कचेरीत यंत्र त्यांच्या बोटांचे ठसे घेईना. चाळीस वर्षांच्या चाकूने अंगठ्याची रेघ न् रेघ पुसली होती. तिथल्या मुलीने दहादा पुसून पाहिलं आणि पुन्हा या म्हणून सांगितलं. माझं मन हळूच म्हणालं, सुटले. काकू घरी आल्या आणि पंधरा दिवस हातांना खोबरेल चोळून, वर मोजे घालून बसल्या. भांडी मी घासली. दुसऱ्या खेपेला ठसे उठले. "खुंट कडक असला तं पाणी देऊन नरम करा लागते," एवढंच त्या म्हणाल्या.

मार्चअखेर आम्ही सेव्हिलला पोचलो. काकूंनी एक वही नेली होती, वर लिहिलं होतं "जाणाऱ्यांसाठी". ती आता माझ्याकडे आहे. त्यातलं थोडं देते, कारण त्याहून चांगला सल्ला मला कुठे मिळालेला नाही: "पर्समधला कलमाचा चाकू घरी ठेवा. माहा विमानतळावर गेला. दुपारी दुकानं बंद राहतात, आपल्या मे महिन्यासारखी, तवा रागावू नका, झोपा. गल्ल्या अरुंद आहेत, चुकाल. चुकू द्या, मनोरा दिसते. पालकात चणे घातलेली भाजी मिळते, ते मागा. नवे जोडे घालून जाऊ नका. सुनंदानं घातले." सुनंदा म्हणजे मी.

पहिल्याच सकाळी त्या रस्त्यावर आल्या आणि कॅलेंडरसारख्या रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. बरीचशी फळं तोडून झाली होती, तरी शेंड्यांना केशरी गोळे होते आणि खाली पडलेलेही होते. झाडं फुलांनी पांढरी झाली होती. आमच्याकडे बागेत शिरलेल्या माणसाला रिकाम्या तोंडी पाठवत नाहीत. काकूंनी एक फळ उचललं, सोललं, आधी बाकावरच्या आजोबांपुढे धरलं, मग फुलवालीपुढे. दोघंही हसून हात हलवू लागली. काकूंना वाटलं, लाजून राहिली. त्यांनी फोड तोंडात टाकली.

त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. पण थुंकल्या नाहीत. आख्खी फोड गिळली. मग पान तोडलं, चुरगळलं, हुंगलं, दुसऱ्या झाडाचं, तिसऱ्या झाडाचं. आणि माझा हात धरून म्हणाल्या, "सुनंदा, घात झाला व माय! साऱ्या गावाचे डोळे मेले. खुंटच वाढले सगळे. अन् यायले कोणी सांगितलं नाही!"

समोर नगरपालिकेचा एक माळी पाटी घेऊन चालला होता. काकूंनी त्याला गाठलं आणि वऱ्हाडीत, हातवारे करून, बुंध्यावर कुठे काप घ्यायचा ते दाखवायला सुरुवात केली. तो बिचारा मान डोलावत राहिला. मी शरमेने अर्धी झाले होते. शेवटी आमच्या मुक्कामाच्या घरमालकाने, मोडक्या इंग्रजीत मला आणि मी काकूंना, खुलासा केला. ही झाडं कडूच आहेत. शेकडो वर्षांपासून कडू आहेत. थोड्या फळांचा मुरंबा होतो, पण झाडं लावली आहेत ती सावलीसाठी आणि वसंतातल्या या वासासाठी.

"उपटत नाहीत?" काकूंनी विचारलं.

मी विचारलं. घरमालकाला प्रश्नच कळला नाही. म्हणाला, का उपटायची?

संध्याकाळी काकू पुन्हा रस्त्यावर जाऊन एकेका बुंध्याला हात लावून आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळीच मनोरा. आत पायऱ्या नव्हत्या, चढण होती, वळणावळणाने वर जाणारी. पूर्वी लोक घोड्यावरून चढत म्हणे. प्रत्येक वळणावर आकडा. विसाव्या आकड्याच्या पुढे त्यांचा गुडघा बसला. त्या भिंतीला टेकल्या, चेहरा पांढरा पडला. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "काकू, पुरे झालं. इथून खिडकीतून दिसतंय की."

"खिडकीतून पाह्यला मी कणीक वाहिली काय?" असं म्हणून त्या आडव्या झाल्या, पुलावर उतरताना व्हायच्या तशा, आणि भिंत धरून एकेक पाऊल टाकत वर निघाल्या. मागून आलेली माणसं थांबून वाट देत होती. उरलेली वळणं आणि अगदी शेवटी लागणाऱ्या थोड्या पायऱ्या त्या तशाच चढल्या. मी मागे, त्यांची पर्स धरून, मनात सगळ्या देवांना हाका मारत.

वर वारा होता. खाली, मनोऱ्याला लागून असलेल्या चर्चच्या अंगणात संत्र्याची झाडं सरळ ओळींत उभी होती, आणि आळ्यातून आळ्यात पाणी नेणारे दगडी पाट होते. आमच्याकडची बागच. काकूंनी ती पुष्कळ वेळ पाहिली. मग म्हणाल्या, "सासूबाई हे पाह्यला इथं पाहिजे होत्या." आणि रडल्या. मीही रडले. त्या पहिल्यांदा रडत होत्या आणि मी पहिल्यांदा त्यांच्यासाठी घाबरले नव्हते.

परत आल्यावर काकूंनी मनोजकडून जंबेरीचं एक रोप आणलं आणि स्टेशनच्या पुलापाशी, पायरीच्या शेजारी लावलं. रोज पूल चढायच्या, उतरताना त्याला बाटलीभर पाणी घालायच्या. कोणी विचारलं, यावर डोळा कधी भरता, की सांगायच्या, "भरायचा नाही. हे असंच ठेवायचं." वहीतही शेवटची ओळ तीच आहे.

गेल्या पावसाळ्याआधी काकू गेल्या. झोपेत, त्रास न होता. तेराव्यानंतर मनोज माझ्याकडे आला. त्याच्या हातात कलमाचा चाकू होता आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली संत्र्याची काडी. डोळे भरून आले होते त्याचे.

"मावशी, काकूच्या झाडाले डोळा भरून देतो. त्यायच्या नावानं गोड संत्रा होईन. फुकट काऊन राहू द्यायचं?"

मी आयुष्यभर कोणाला सरळ नाही म्हटलेलं नाही. पोस्टात खिडकी बंद झाल्यावरही लोकांची पत्रं घेतली आहेत. त्या दिवशी मी त्याच्यासोबत पुलापर्यंत गेले आणि झाड व तो यांच्या मधे उभी राहिले.

"नाही भरायचा, मनोज."

"पण मावशी, आंबट फळं..."

"आंबटच येऊ देत."

त्याने चाकू मिटून खिशात टाकला, नळावर जाऊन बाटली भरून आणली आणि पाणी झाडाला घातलं.

यंदा त्याला पहिल्यांदा फुलं आली. पुलावरून उतरणारे थांबतात, इकडेतिकडे पाहतात, हा वास कशाचा म्हणून विचारतात. मी रोज सकाळी तिथेच असते, त्यामुळे सांगायला मीच सापडते. मी सांगते, शकुंतलाकाकूंचा.