दारात दोन गाड्या, भिंतीवर एक कॅलेंडर

माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. नवऱ्याने नाही, सासूने नाही. मासळी बाजारातल्या ज्या बायका माझ्या भरवशावर टोपल्या टाकून चहाला जातात, त्यांनीही नाही! मी पहिल्याच दिवशी बोलले होते, "इलेक्ट्रिक गाडी फुकट चालत नाही. तिचा खर्च दिसत नाही एवढंच." पण चौथी शिकलेल्या बाईचं कोण ऐकतं? सगळ्या मलाच शिकवायला लागल्या, "पेट्रोल नको, ऑईल नको, आणखी काय हवं गो तुला?"

आता वर्ष झालं. बाजारात पाट मांडला की कोणीतरी विचारतेच, "गाडी काय म्हणते?" मग एक किस्सा सांगावा तर त्याच्या मागून दुसरा येतो. कोळंबीच्या मिशा कशा एकमेकींत अडकलेल्या असतात? एक उचलायला जावं तर चार वर येतात! तसं झालंय. म्हणून म्हटलं, एकदाच सगळं सांगून टाकावं.

*

आमचे हे, दत्ताराम, मुंबईत कंपनीची गाडी चालवायचे. मागल्या साली नोकरी सोडून रत्नागिरीला घरी आले ते मिळालेल्या पैशाची इलेक्ट्रिक कार घेऊनच. पांढरी, गुळगुळीत, आत गार हवा.

माझी व्हॅन जुनी, पेट्रोलची. बारा वर्षं मी तिच्यातून सकाळी बंदरावर जाते, लिलावात मासळी घेते, बाजारात आणि गल्ल्यांत विकते. माझ्या पैशाने घेतली, मीच चालवायला शिकले. शिकताना एक कुंपण आणि दोन कोंबड्या गेल्या, एवढ्यावर भागलं.

आल्या आल्या हे म्हणाले, "घरात दोन गाड्या कशाला? वर्षभर दोघींचा खर्च लिहू. जी महाग पडेल ती विकायची."

लगेच कॅलेंडर उलटं करून भिंतीला लावलं, मधे रेघ मारली. डावीकडे व्हॅन, उजवीकडे कार.

मी विचारलं, "आणि व्हॅन गेली तर मी बंदरावर जाऊ कशी?"

"मी सोडीन ना!"

सोडीन म्हणे! ज्या माणसाला उठवायला सात वाजता दोनदा चहा गरम करावा लागतो, तो मला पाचला लिलावाला सोडणार! म्हणजे व्हॅन गेली की माझा धंदा ह्यांच्या झोपेवर. मी पेन्सिल हातात घेतली आणि म्हटलं, "लिहा. बघतेच."

*

गाडीची पूजा झाली. आमच्या वाडीचे गावकार म्हणजे बाळाकाका. कुणाचं लग्न असो, होडी असो, बोअरिंग असो, देवाला गाऱ्हाणं तेच घालतात. आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं.

बाळाकाकांनी नारळ धरला, डोळे मिटले आणि सवयीने सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, तुझा लेकरू दत्ताराम आणि त्याची अस्तुरी सुनंदा, ह्यांनी आज गाडी आणलीन!"

"व्हय म्हाराजा!"

"त्या गाडीचा इंजान बंद पडू देव नको!"

हे हळूच म्हणाले, "काका, हिला इंजिन नाय."

काकांनी एक डोळा उघडला, परत मिटला. "बरा. टाकीतला पेट्रोल संपू देव नको!"

"काका, टाकी पण नाय."

"सायलेन्सर?"

"नाय."

काकांनी दोन्ही डोळे उघडले. गाडीभोवती एक चक्कर मारली. मग नारळ फोडला आणि म्हणाले, "बा देवा म्हाराजा, ह्या गाडीत जा काय असंल, ता सांभाळ!"

*

आता माझी चोरी सांगते. मी काय गंगेत धुतलेली नाही.

व्हॅनचा क्लच गेला. गॅरेजवाल्या सल्लूभाईला मी सांगितलं, "पैसे नाय देणार. ताजी पापलेटं देते, जोडीला बांगडे." तो खूष, मी खूष. कॅलेंडरवर माझ्या बाजूला काहीच नाही! पुढे ब्रेक झाले सुरमईवर आणि पंक्चर झालं कोळंबीवर. तीन महिने माझी व्हॅन म्हणजे देवाची गाय. खर्च शून्य!

एक दिवस हे गॅरेजवरून जात होते. सल्लूभाईने हाक मारली, "दत्ताभाऊ, भाभीला सांगा, पुढच्या सर्व्हिसला सरंगा चालेल!"

घरी येऊन केवढा तमाशा! "पापलेट काय झाडाला लागतात?"

मी म्हटलं, "दरोज खाता तेव्हा हे सुचत नाय तुम्हाला!"

*

पण ह्यांचं पण बाहेर आलंच.

ह्यांच्या बाजूलाही तीन महिने शून्यच! वीज बिल पूर्वी होतं तेवढंच. मला झोप लागेना. गाडी रोज पळते, मग खाते काय?

एका दुपारी मागच्या परसात गेले तर दगडांच्या गडग्यावर काळं, लांबलचक काहीतरी पडलेलं. मला वाटलं धामण. मी काठी आणली आणि पहिला घाव घातला. तसे हे लुंगी सावरत धावत आले, "अगो मारू नको! वायर हाय, वायर!"

ती वायर गडगा ओलांडून शेजारी चुलतदिराच्या पडवीत गेली होती! भावाच्या मीटरवर गाडी चार्ज चालली होती. चुलतदीर बिचारा तीन महिने बायकोला बोलत होता, इस्त्री कमी कर म्हणून.

त्या दिवसापासून गाडी आमच्याच पडवीत चार्ज करायची असं ठरलं. पण पडवीत मोठा प्लग एकच, आणि तो माझ्या डीप फ्रीझरचा. मी बोट दाखवून सांगितलं, "दुपारी दोन तास माझा प्लग काढा, तुमचा लावा. झालं की माझा परत लावायचा. विसरलात आणि माझी मासळी गेली, तर ती सगळी तुमच्या बाजूला लिहीन! ज्याच्यामुळे नुकसान, त्याच्या बाजूला!"

"कबूल," हे म्हणाले. बाळाकाका ओटीवर बसले होते, त्यांनी पण ऐकलं. सासूने पण.

*

एकदा व्हॅन गॅरेजात होती, तेव्हा हे मोठ्या मनाने म्हणाले, "आज माझ्या गाडीतून जा गल्लीत."

गेले. मागे टोपल्या ठेवल्या, सगळ्या गल्ल्या फिरले. एक दार उघडलं नाही! सरंगा तसाच, बोंबील तसेच. मला कळेना, आज रत्नागिरीने माळ घातली की काय?

दुसऱ्या दिवशी व्हॅन घेऊन गेले. वळणावर तिने नेहमीसारखा धडधडाट केला, आणि बायका ताटं घेऊन बाहेर! एक पेन्शनर मास्तरीणबाई माझ्यावरच करवादल्या, "सुनंदाताई, काल का नाही आलात? आमचं वरण-भातावर गेलं!"

मी म्हटलं, "आलेले. तुमच्या दारावरून दोनदा गेले."

"मग आवाज नको का करायला?"

घरी येऊन मी उजव्या बाजूला लिहायला लावलं, 'एक टोपली बोंबील.' हे म्हणाले, "हा कसला खर्च?" मी म्हटलं, "गप्प बसण्याचा!"

*

मग वेळणेश्वर. तिथे माझी नणंद दिलेली, कुसुमवन्सं. ह्यांना बहिणीला गाडी दाखवायची हौस. मे महिना. निघताना म्हणाले, "एसी लावायचा नाय, बॅटरी खाते." थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "काचा पण वर घे, वाऱ्याने बॅटरी जास्त जाते." फेरीबोटीत गाडी चढेपर्यंत माझं सुकट झालं होतं!

पोचलो तेव्हा बॅटरी शेवटच्या घटका मोजत होती. वन्संच्या पडवीत प्लग लावला. पाच मिनिटांत फ्यूज उडाला. परत लावला, पंखा सुरू केला, परत उडाला. मग वन्संचे यजमान दारात उभे राहून घरभर ओरडले, "पंखे बंद करा रे! मिक्सर बंद! पंप बंद! गाडी जेवतेय!"

आम्ही घामाघूम बसलो. चहा झाला, पोहे झाले, जेवण झालं, परत चहा झाला. गाडी अजून निम्मीसुद्धा जेवली नव्हती. शेवटी वन्संनी मला आत बोलावून विचारलं, "वैनी, तांदूळ किती जणांचे धुवू ता तरी सांग. तू गाडीक बघून सांग!"

आठवड्याने ती चौघं जणं आमच्याकडे आली, पाच दिवस राहिली. जाताना वन्सं हसत म्हणाल्या, "तुमची गाडी आमच्याकडे जेवली, आम्ही तुमच्याकडे. फिटंफाट!"

*

त्यानंतर ह्यांनी लांब जायचं नावच सोडलं. अलोऱ्याला मित्राच्या मुलीचं लग्न निघालं तर इलेक्ट्रिक कारचा मालक पिशवी घेऊन एसटीने गेला! बाजारात बायका पोट धरून हसल्या.

त्याच्या आधीपासूनच गाडीचंही काहीतरी बिनसलं होतं. हे म्हणायचे, "काल बाजूच्या वाडीत जाऊन आलो, तेवढ्यात एवढी बॅटरी उतरली कशी?" शोरूमला फोन केला. तिथला माणूस म्हणाला, उन्हाळ्यामुळे असेल. मी भाकरी थापता थापता म्हटलं, "मी सांगितलेलं. कोणी ऐकलं काय माझं?"

एकदा ह्यांनी कारच्या सीटवरून काहीतरी चिमटीत धरून आणलं. "हे काय?"

मी बघितलं. खवलं होतं, सुरमईचं.

"तुमच्या लेंग्याला लागलं असेल. मासे विकणारीशी लगीन करताना विचार करायचा होता!"

*

आता शेवटचं.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते. त्याआधी, मे संपता संपता, मी फ्रीझर गळ्यापर्यंत भरते. सुरमई, कोळंबी, मोरी. तीच पुढे दोन महिने माझं पोट भरते. ह्या वर्षी तसाच भरला. हे तेव्हा अलोऱ्याला, चार दिवस.

हे परत आले त्या दिवशी दुपारी मी फ्रीझर उघडला आणि तशीच मागे सरले. वास! सगळं पाणी झालेलं. वाकून बघितलं तर माझा प्लग खाली लोंबत होता.

मी जी सुरू झाले! चुलतदीर आला, बाळाकाका आले, अर्धी वाडी जमली. "बघा! गाडी चार्ज करून प्लग लावायला विसरले आणि लग्नाचे लाडू खायला गेले! दोन महिन्यांची भाकर नासली माझी! आणा ते कॅलेंडर! लिहा कारच्या बाजूला! आणि विका ती!"

ह्यांचा चेहरा उतरला. "देवाशपथ, मी परत लावून गेलो होतो. बत्ती पेटलेली बघून गेलो."

बाळाकाकांनी नारळ मागवला. म्हणाले, "ज्याने प्लग काढलान, त्याने हात लावून बोलायचा. देवासमोर खोटा चालायचा नाय."

ह्यांनी नारळावर हात ठेवला. "मी नाय."

चुलतदिराने ठेवला. "मी तर तेंच्या पडवीत पाय ठेवत नाय, त्या वायरपासून."

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघता? मासळी माझी गेली!"

कोपऱ्यात सासू सुपात कुळीथ निवडत होती. डोळ्यांनी तिला अंधुक दिसतं. सूप खाली ठेवून ती म्हणाली, "दत्ता, मी एक इचारू? तू नव्हतास ते चार दिस सकाळची व्हॅन वाजली नाय. एकदा पण नाय. पण मासळी तर रोज घरात आली. मंग ती बंदरावर गेली कशातून?"

सगळ्यांच्या माना दारातल्या कारकडे वळल्या.

"आणि कालच्या दुपारी," सासू म्हणाली, "फ्रीझरची घरघर थांबली. मी म्हटलं, दत्ता नाय, मग गाडीला कोण जेवायला वाढतंय?"

मी आढ्याकडे बघितलं. मे महिन्यात बिनएसीची व्हॅन ज्याने सोसलीय, त्यालाच कारचा एसी काय असतो ते कळेल.

बाळाकाकांनी नारळ माझ्यापुढे धरला. मी पदर सारखा केला, पण हात काही वर येईना.

"दत्ताराम," काका म्हणाले, "हा खर्च व्हॅनचा पण नाय आणि कारचा पण नाय. तिसऱ्या बाजूची रेघ मार."

ह्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, मांडीवर घेतलं. पेन्सिलीला टोक केलं. आणखी एक रेघ ओढली आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं:

सुनंदा.