सगळ्यात शेवटी उतरणारा

टार्निट उपनगरातून सिटीला जाणाऱ्या ट्रेनमध्ये तो रोज दिसायचा. म्यानमारचा, तेविशीतला, कानात हेडफोन, मान ठेक्यावर डोलत. उतरायचा मात्र सगळ्यात शेवटी, एकेक सीट बघत. माझा विसरलेला डबा त्याने दोनदा धावत आणून दिला.

"तुला उशीर नाही होत?"

"नो वरीज. कुणाचं काही मागे राहायला नको."

मग तो दिसेनासा झाला. मला वाटलं, कार घेतली असेल.

परवा ट्रेनमध्ये शेजारच्या सीटवरच्या मुलीने माझा डबा बघून विचारलं, "डबा विसरणारी तूच का? माझा भाऊ सांगायचा."

तिने सांगितलं, तो मायदेशातल्या यादवी युद्धात स्वतःहून लढायला गेला, अधिकारी झाला. तुकडीला नदीपार पाठवून, मागे कुणी राहिलं नाही ना, हे बघायला थांबला. तिथेच गोळी लागली.

आज मी सगळ्यात शेवटी उतरले. एका सीटवर कुणाची तरी छत्री राहिली होती. ती घेऊन मी धावत सुटले.