घरात न बोललेला ढग

सकाळी आमच्या घरात बोलणं कमी आणि आवाज जास्त. किटली शिट्टी घालते, नळ खोकतो, आणि सासूबाई खिडकीशी लोकर गुंडाळत बसून रस्त्यावरच्या येणाऱ्या-जाणाऱ्यांना नावं ठेवतात, अर्थात त्यांना ऐकू जाणार नाही इतक्या बेताने. त्या दिवशी हे कामाला गेले होते, मुलगी शाळेत, आणि मी शेंगा सोलायला बसले होते. तेवढ्यात दार वाजलं. बेल नाही, बोटाच्या पेरांनी हळूच, चोरासारखं.

दार उघडलं तर समोरच्या घरातल्या ढगताई. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात नवऱ्याची.

"मला आत घे. आणि हे विचारायला आले तर मी इथे नाही."

"भांडलात?" सासूबाईंनी खिडकीशी बसूनच विचारलं. त्यांच्या आवाजात काळजी होती असं मी म्हणणार नाही.

"भांडण परवडलं असतं हो," असं म्हणत ताई सरळ स्वयंपाकघरात शिरल्या आणि दारामागच्या स्टुलावर बसल्या.

ढगताई हे नाव आमच्या जिन्याने ठेवलेलं. त्या पूर्वी कापडाच्या गिरणीत होत्या. यंत्रावरून थान सरकत जायचं आणि त्यावरचा डाग, सुटलेला धागा, फिका पट्टा हेरून खडूची खूण करायची, हे त्यांचं काम. भावोजी, म्हणजे त्यांचे यजमान, छापखान्यात मुद्रितं तपासायचे. गिरणी आणि छापखाना दोन्ही पाठोपाठ बंद पडले. नेमकं तेव्हाच आकाश अभ्यासणाऱ्या संस्थेला "सरावलेले डोळे" हवे होते. दोघंही गेले, दोघांचीही निवड झाली. तेव्हापासून दोघं शनीच्या टायटन नावाच्या चंद्राची चित्रं पाहतात आणि त्यात ढग आहे की नाही ते सांगतात. चार माणसांत कुणी "तुम्ही काय करता?" असं विचारलं की ताई म्हणतात, "ढग निवडते, तांदूळ निवडावेत तसे."

आता या कामाचा नेम समजून घ्यायला हवा, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं. प्रत्येक चित्र दोन माणसांनी वेगवेगळं पाहायचं. एकाने काय पाहिलं ते दुसऱ्याला कळता कामा नये. दोघांच्या खुणा विभागाच्या मॅडमच उघडतात आणि त्या जुळल्या तरच ढग खरा. कालच्या चित्राबद्दलसुद्धा बोलायचं नाही, कारण काल कुठे ढग होता हे कळलं की आजचा डोळा आपसूक तिकडेच धावतो. खरं तर नवरा-बायकोला एका चित्रावर बसवूच नये. पण संस्था लहान, आणि असे डोळे दोनच. मॅडमनी दोघांना समोर बसवून विचारलं होतं, "घरी या विषयावर तोंड बंद ठेवाल?" भावोजी म्हणाले होते, "मी ठेवीन." ताई म्हणाल्या होत्या, "मीही ठेवीन. चेहऱ्याचं मात्र सांगता येत नाही."

आणि आज घात केला तो चेहऱ्याने नाही, गळ्याने.

"मी चहा करताना गुणगुणले," ताई कबुली दिल्यासारखं म्हणाल्या. "मी कधी गुणगुणते का? ह्यांनी वर्तमानपत्र खाली केलं आणि माझ्याकडे असे बघायला लागले, जणू ओळीत काना राहिलाय. काल संध्याकाळी माझी पाळी होती. ह्यांची आज. तेच चित्र."

"म्हणजे काल तुला..." सासूबाईंचा लोकरीचा हात थांबला.

"मी काही सांगणार नाही."

"सांगू नकोस. चार घरांना दिसेल असं तोंडावर उमटलंय."

ताईंनी पदराने तोंड पुसलं. पुसून जाण्यासारखं ते नव्हतं.

मी चहाचा कप त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "पण भावोजींना अंदाज आला तर बिघडलं काय? ढग असेल तर त्यांनाही दिसेलच की."

"तू ह्यांना ओळखत नाहीस. नुसता संशय आला तरी हे मॅडमना जाऊन सांगतील, की बायको खुशीत होती, माझा डोळा आता कोरा नाही, मी हे चित्र पाहणार नाही. छापखान्यातली खोड! मग माझी खूण एकटी पडेल. एकटी खूण म्हणजे शंका. शेरा मारून बाजूला. आणि माझा हा शेवटचा आठवडा आहे गं. शुक्रवारी मी मोकळी."

मग मला त्यांच्या पायातल्या दोन तऱ्हेच्या चपलांचा अर्थ लागला.

सासूबाईंना मात्र मुळातलंच कळेना. "इतकी वर्षं बघतेस, एका ढगाचं एवढं काय?"

ताईंनी त्यांच्या हातातला लोकरीचा गोळा घेतला, तिरका धरला आणि खिडकीतल्या उन्हाकडे केला. "हा टायटन. मी कामाला लागले तेव्हा ऊन या खालच्या टोकावर होतं. दक्षिणेला उन्हाळा. जिकडे ऊन, तिकडचा वायू तापून वर चढतो आणि ढग धरतात. आपले पाण्याचे, तिकडचे मिथेनचे. सगळीकडे नारिंगी धुरकं असतं आणि त्यात तांदळाच्या कणीएवढा पांढुरका ठिपका. तेव्हा ढग खाली दिसायचे. मग ऊन सरकलं, ढग मधल्या पट्ट्यात आले. मग उन्हाळा वरच्या टोकाला गेला." त्यांनी गोळा हळूहळू फिरवला. "पण ढग गेलेच नाहीत. गणितं करणारे म्हणत होते, आता येतील, आता येतील. मी रोज वरचं टोक बघतेय. कोरं."

"एक ऋतू केवढा असतो?" मी विचारलं.

"सातेक वर्षांचा. तुझी मुलगी पहिलीत गेली तेव्हा सुरू झाला असं धर, तर ती आठवीत येईपर्यंत उन्हाळाच. हा उन्हाळा हुकला तर पुढचा यायला आणखी तीन ऋतू. तोवर माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकून गळून पडलेला असेल."

"गोळा सुटतोय," सासूबाई म्हणाल्या. पण त्यांनी तो परत मागितला नाही.

मधे एकदा ताईंनी वरच्या टोकाला खूण केलीही होती. डोळे इतके आसुसलेले, की कॅमेऱ्याच्या काचेवरचा ठिपका त्यांना ढग वाटला. भावोजींनी कोरं सोडलं होतं. मॅडमनी बोलावून सांगितलं, "तुमची खूण एकटी आहे." संध्याकाळी घरी आल्यावर नवऱ्याला यातलं काहीच सांगायचं नाही, म्हणून ताईंनी डोकं दुखतंय असं सांगितलं. भावोजींनी कपाळाला बाम चोळून दिला. "बाम चोळणाऱ्यानेच मला पाडलं होतं आणि बिचाऱ्याला पत्ता नव्हता," असं सांगून ताई हसल्या.

तेवढ्यात पुन्हा दार वाजलं. या वेळी बेल.

ताई कपासकट कोठीच्या खोलीत शिरल्या. मी दार उघडलं. भावोजी उभे होते, कामावर निघालेले, हातात डबा आणि पायात बूट.

"ही आली होती का इथे?"

"नाही बाई," मी म्हटलं. पुरुषाला 'नाही बाई' म्हटल्यावर खोटं पकडलं जाणार हे माझ्या लक्षात आलं, पण तीर सुटला होता.

"सकाळपासून तिचं काहीतरी चाललंय. चक्क गुणगुणत होती." त्यांनी डबा या हातातून त्या हातात घेतला. "मला एक शंका येतेय. आणि ती खरी असेल तर मला आज आधी मॅडमना भेटायला हवं."

कोठीच्या खोलीत एक डबा खणखणला.

"उंदीर," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "आणि शंका कसली घेऊन बसलास? शुक्रवारी तिची नोकरी संपतेय. सुटली बिचारी. सकाळी उठायला नको, धावपळ नको. गुणगुणेल नाही तर काय रडेल?"

शंका भावोजींच्या चेहऱ्यावरून उतरलेली मला दिसली. पण तिच्या जागी जे आलं ते पाहून मला आमचा विजय गोड लागेना.

"हो का?" ते म्हणाले. "मला वाटलं होतं तिला जरा जड जाईल. बरं झालं. खूश आहे तर बरंच आहे." आणि जिना उतरून गेले.

ताई बाहेर आल्या त्या सासूबाईंवरच घसरल्या. "मी सुटले? मी बिचारी?"

"तुझा ढग वाचवला. उपकार मानायचे सोडून वर मलाच झापतेस!"

मग दुपार रेंगाळत राहिली. ताईंनी मी सोललेले सगळे दाणे पुन्हा निवडले, त्यातला मला न दिसलेला एक किडका दाणा काढून माझ्यापुढे ठेवला, कोठीतले डबे पुसले, आणि दर थोड्या वेळाने फोन चालू आहे ना ते पाहिलं. तो चालूच होता. सासूबाई म्हणाल्या, "बघून बघून त्याची बॅटरी संपेल."

फोन वाजला तेव्हा ताईंचे हात ओले होते. मीच बटण दाबलं आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला. मॅडमच होत्या.

"ताई, दोन्ही खुणा उघडल्या."

सासूबाईंनी लोकर खाली ठेवली.

"एकाच जागी आहेत. अगदी वरच्या टोकापाशी. तुमच्या यजमानांनी तर खाली एक ओळ लिहिली आहे. ते कधी काही लिहीत नाहीत. लिहिलंय, 'ढग आहे. ही आज इथे हवी होती.'"

ताईंनी ओला हात तोंडावर धरला. सासूबाईंनी मला कोपराने ढोसलं आणि डोळे पुसले. मग मी पाहते आहे हे दिसल्यावर म्हणाल्या, "लोकरीचा तंतू गेला डोळ्यात."

"अभिनंदन," मॅडम पुढे बोलत होत्या. "उद्या इतर संस्थांना कळवू, त्याही बघतील. आणि शुक्रवारी तुमचा निरोप. सगळे विचारतायत ताईंना काय द्यायचं. घड्याळ म्हणतायत, आरामखुर्ची म्हणतायत. तुम्हीच सांगा, संकोच करू नका."

"खरंच मागू?"

"मागा ना."

ताईंनी फोन जवळ ओढला. आवाज मात्र रोजचा होता, दुकानात अर्धा किलो काहीतरी मागावं तसा.

"शुक्रवारनंतर मी चित्रं पाहणार नाही. हे पाहत राहतील. तेवढी ह्यांना घरी माझ्याशी ढगांबद्दल बोलायची परवानगी द्या."