सगळ्यांत शेवटी मोकाशीबाई

मोकाशीबाई नेहमी सगळ्यांत शेवटी पळायच्या. दम लागायचा म्हणून नव्हे. साठी उलटली होती, तरी मनात आणलं असतं तर तळजाईच्या टेकडीवर आमच्यातल्या निम्म्यांना त्यांनी सहज मागे टाकलं असतं. पण रविवारी सकाळी आमचा ग्रूप पळायला सुटला, की त्या बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत बसायच्या. सगळे पुढे गेल्याची खात्री झाली की मगच ती नाडी बांधून व्हायची.

मी पहिल्यांदा गेले ती डॉक्टरांनी दम भरला म्हणून. मुलाच्या नोकरीपायी अमरावती सोडून आम्ही पुण्यात आलो होतो. ओळखीचं कुणी नव्हतं आणि साखर भलतीच वाढलेली. पन्नाशीची, अंगाने भरलेली बाई पंजाबी ड्रेसवर नवेकोरे बूट घालून पळते आहे, याचीच मला इतकी लाज वाटत होती की पहिल्याच चढावर मी थांबले आणि परत फिरले. मागे मोकाशीबाई उभ्या.

"काय हो, गॅस चालू राहिलाय का घरी?"

"नाही जी. मी सगळ्यांच्या मागं राहिली. लोक हसतील."

"सगळ्यांच्या मागे मी आहे. ती जागा रिकामी नाही. तुम्ही पुढे व्हा."

टेलिफोन खात्यात नोकरी झाल्यामुळे की काय, त्या मोजकंच बोलायच्या. उत्साही तरुण मुलं मनगटावरचं घड्याळ दाखवत आपला वेग सांगायला आली, तर "छान. वाटेत टेकडी दिसली का?" एवढंच विचारायच्या. पण त्यांनी घालून दिलेला एक नियम सगळे पाळायचे. पळून झाल्यावर खाली फाटकापाशी साळुंखेंच्या टपरीवर चहा व्हायचा, आणि शेवटचा माणूस आल्याशिवाय साळुंखे पातेलं गॅसवर ठेवायचे नाहीत. "टाका चहा" असं म्हणायचा मान शेवटी येणाऱ्याचा. म्हणजे अर्थात बाईंचाच. पुढे माझी साखर आटोक्यात आली, जिना चढताना धाप लागेनाशी झाली. पण खरं सांगू का, या परक्या शहरात आपण पोचेपर्यंत कुणीतरी चहासाठी थांबतं, त्यानेच मला अर्धं बरं केलं.

मग बाईंना कॅन्सर निघाला. उपचार चालू असतानाही, जरा बरं वाटलं की त्या डोक्याला रुमाल बांधून यायच्या. पळणं जाऊन चालणं आलं होतं. आता त्या खरोखरच शेवटी असायच्या आणि ते आम्हाला बघवत नव्हतं. म्हणून आम्ही एक शहाणपणा केला. एका रविवारी ठरवून सगळ्यांनी आपापल्या बुटांच्या नाड्या सोडल्या आणि बांधत बसलो. बाई पुढे निघाल्या. आम्ही त्यांच्या मागून रेंगाळत, खोट्या धापा टाकत.

पहिल्या वळणावर त्या थांबल्या आणि मागे वळल्या.

"इतकी वर्षं मागून पळतेय मी. मुद्दाम हळू पळणाऱ्याची पावलं मला ओळखता येत नाहीत?"

आमच्यातले दोघे पुन्हा नाडी बांधायला वाकले.

"शेवटी येण्यात लाज नसते, एवढंच शिकवलं मी तुम्हाला. आणि आज माझीच लाज वाटली?"

त्यांचा आवाज असा कापलेला मी कधी ऐकला नव्हता. मला रडू आवरेना.

"वानखडेबाई, रडायचं ते पळून झाल्यावर," त्या म्हणाल्या. "व्हा सगळे पुढे. मी येते. चहाला थांबा मात्र."

आम्ही पळालो. टपरीपाशी येऊन उभे राहिलो. ऊन चढलं, एकेकाला घरून फोन यायला लागले, पण कुणी हललं नाही. बऱ्याच वेळाने वळणावर तो रुमाल दिसला. वाटेतल्या झाडांना हात टेकत, थांबत थांबत त्या आल्या. श्वास पुरत नव्हता, तरी बाकावर बसायच्या आधी म्हणाल्या, "साळुंखे, टाका चहा." तो त्यांना अर्धाच गेला. त्यानंतर त्या टेकडीवर आल्या नाहीत.

थंडी सरता सरता बाई गेल्या. पुढच्या रविवारी ग्रूप नेहमीसारखा जमला. पळायचं मन कुणालाच नव्हतं, तरी पळालो. माझे पाय उचलत नव्हते. मी टपरीपाशी पोचले तेव्हा बाकीचे कधीचे येऊन उभे होते. साळुंखेंनी सवयीने माझ्या पाठीमागे रस्त्याकडे पाहिलं.

"आले का सगळे?"

सगळे माझ्याकडे बघत होते. शेवटी मी आले होते, तेव्हा बोलणं मलाच भाग होतं. मीही एकदा वळून पाहिलं. वळणापर्यंत रस्ता रिकामा होता.

"टाका चहा," मी म्हणाले.