रशीदभाईंच्या शेतातली वसाहत

जमीन कधी खोटं बोलत नाही, असं आमच्या सरांनी बुलढाण्याहून धाडकडे जाणाऱ्या जीपमध्ये सांगितलं. एका बाकावर आम्ही पाच जण होतो, त्यामुळे कुणाला मान डोलावता आली नाही.

पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठानं भरवलेलं हे उन्हाळी शिबिर. मी पन्नाशीतला, बाहेरून आलेला विद्यार्थी. मुक्काम धाडजवळच्या एका गावात, शाळेत. सकाळी आलूपोहे खाऊन ओळीनं शेतं तुडवायची आणि खापर दिसलं की झेंडी रोवायची. रशीदभाईंच्या शेतात झेंड्या संपल्या. सरांनी तिथं ‘प्राचीन वसाहत’ जाहीर केली आणि नकाशावर तांबडं वर्तुळ काढलं.

रशीदभाई रोज बांधावर बसून आमच्यावर नजर ठेवत.

“काऊन भाऊ, बोर्ड लावता का इथं?” त्यांनी मला विचारलं. “सरकारचा बोर्ड लागला त मी पेरू कुठं?”

पेरणी पंधरा दिवसांवर आली होती. “फक्त अभ्यास आहे,” मी म्हणालो. ते मलाही पटलं नाही.

हा माणूस काहीतरी लपवतोय, असा सरांना संशय. सोनं निघालंय, असा गावाला. मला वर्तुळाचाच संशय येऊ लागला होता. सरपंचांच्या शब्दाखातर रशीदभाईंनी एक खड्डा करू दिला. हातभर खणल्यावर खापरं संपली. खाली नुसता मुरूम. वसाहत जरा बाजूला असेल, असं सर म्हणाले.

दुपारी आमच्यातली सोलापूरची गौरी भाकरी-ठेचा घेऊन रशीदभाईंशेजारी बसली.

“काका, ही वरची माती इथलीच का?”

त्यांनी पलीकडे जेवत बसलेल्या सरांकडे पाहिलं. “सांगितलं त केस करसान.”

“नाही करणार.”

“अब्बानं बैलगाडीनं आनली. नाल्याकाठच्या टेकाडाची पांढरी.” (पांढरी म्हणजे जुन्या वस्तीची राखट माती, शेतकरी ती खत म्हणून पसरतात.) “सारं गाव आने. खापरं तिच्यासंगंच आली.”

“मग आधी सांगायचं ना.”

“तुमी इचारलं कुठं? तुमी त झेंड्या लावून राह्यले होते.”

सर लगेच टेकाड पाहायला उठले.

“बसा साहेब,” रशीदभाई म्हणाले. “ते आता सपाट आहे.”

परतीच्या जीपमध्ये सरांनी वर्तुळ खोडलं. पहिल्या दिवशी विचारायचा प्रश्न आम्ही नवव्या दिवशी विचारला, तोही जेवताना, याची अहवालात नोंद नाही. पावसानंतर रशीदभाईंचा फोन आला. शेतात सोयाबीन पेरलं होतं. आमच्या खड्ड्यात पाणी साचतं, म्हणून तेवढी जागा म्हशीला दिली होती.