मशीन कुठलं?

फोनवर 'दवाखान्यातून बोलतोय' म्हणायचं सोडून इर्शाद म्हणाला, "आबा, इंदुरीचा इर्शाद बोलतोय. मशीनची बॅटरी संपत आलीय, बदलायला लागंल." घोळ तिथंच झाला.

इर्शाद तळेगावातल्या एका दवाखान्यात पेसमेकर तपासायचा. छातीवर चकती ठेवायची आणि आतल्या यंत्राची बॅटरी किती उरली ते बघायचं. कोरोना आला नि तपासणीची खोली बंद पडली. डॉक्टरांनी ठरवलं, अडलेल्यालाच बोलवायचं आणि आवारात, गाडीतल्या गाडीत तपासायचं. अडलेला कोण, हे इर्शादने मागच्या तपासणीच्या नोंदी बघून फोनवरून हेरायचं.

परंदवडीच्या भिमाजी आबांना मात्र इंदुरीचा इर्शाद म्हणजे नूरमहंमदचा पोरगा एवढंच ठाऊक. नूरमहंमद फवारणीचे पंप दुरुस्त करतो. मग मशीन म्हणजे दुसरं काय असणार? आबांनी पंपाची बॅटरी बदलली. इर्शादने पुन्हा फोन केला तेव्हा म्हणाले, "बदलली की. लय झ्याक चालतंय." पुण्यात बदलून घेतली असेल, असं समजून इर्शादने त्यांचं नाव यादीतून काढलं आणि निवांत झाला.

मग आबांच्या सुनेचा, नंदाबाईचा फोन आला. फवारताना आबांना घेरी येत होती.

"नवी बॅटरी बसवूनबी?" इर्शादने विचारलं.

"ती पंपाची, भाऊ. छातीतल्याला आमी डबी म्हणतो."

इर्शादने आबांना लगेच दवाखान्यात आणायला सांगितलं. टाळेबंदीत गाडी मिळेना. शेवटी पास असलेला भाजीचा टेम्पो सापडला. आबा कोथिंबिरीच्या जुड्यांत बसून आले. इर्शाद पीपीई किट घालून टेम्पोत चढला, चकती ठेवली. बॅटरी तळाला गेलेली. दुसऱ्याच दिवशी डबी बदलली.

तेव्हापासून इर्शाद फोनवर आधी दवाखान्याचं नाव सांगतो, मग विचारतो, "छातीत बसवलंय त्याला घरी काय म्हणता?" कुणी घड्याळ म्हणतं, कुणी पेटी. सोमाटण्याच्या एक मावशी तर त्याला 'सासू' म्हणतात. दिसत नाही, पण रात्रंदिवस लक्ष ठेवते.

आबा तपासणीला आले की शर्टाची बटणं सोडता सोडता म्हणतात, "जुनी बॅटरी चांगली व्हती. तुझ्या सांगण्यावरनं भंगारात दिली. कवा आणून देतोस?"

"पुढच्या खेपेला, आबा."

डबीची बॅटरी अजून पुष्कळ वर्षं पुरेल. पंपाची यायचीय.