मावशीचा फोन येईपर्यंत
मी सतरा वर्षांची असताना, एका फेब्रुवारीत, आई लंडनमधलं वेम्बलीचं घर सोडून लेस्टरला मावशीकडे गेली. रेडिएटरवर वाळणाऱ्या ओल्या स्वेटरचा वास आला की ती दुपार आठवते. बाबा एका दिवंगत गायकाचं चरित्र लिहीत होते आणि दोन माणसांनी सांगितल्याशिवाय कुठलीच गोष्ट खरी धरत नसत. ‘तुमच्या नजरेस पडायचं तर आधी मरावं लागतं,’ आई त्यांच्या बंद दाराला म्हणाली आणि ‘मी परत येणार नाही’ एवढं मला सांगून बॅग घेऊन निघाली. मी धावत त्यांच्या खोलीत गेले. ‘बाबा, आई कायमची चाललीय. स्टेशनवर असेल अजून, प्लीज चला ना.’ त्यांनी मुलाखतीचं रेकॉर्डिंग थांबवलं. ‘तुला आईने सांगितलं, ठीक. आणखी कोण सांगतंय?’ मी मावशीला फोन लावला. तिने उचलला नाही. ‘मग थांबू या,’ म्हणत त्यांनी रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. अंधार पडल्यावर मावशीचाच फोन आला. मी विचारल्यावर ती म्हणाली, ‘हो, खरंय. सेंट पँक्रस स्टेशनहून निघालीय ती. तुम्ही कुणीच तिकडे कसे गेला नाहीत गं?’ बाबांनी कोट चढवला आणि ते दारातच उभे राहिले. चरित्र पुढे छापून आलं. आई अजून लेस्टरलाच राहते. वेम्बलीचं घर मी मागच्या महिन्यात विकलं.